गुलाबावरची करणी

प्रमिलाबाईंनी कचकन गुलाबाचा देठ कापला. कळीवर लाल दोऱ्याने बांधलेली चिंधीची थैली कळीसकट दोन बोटांत धरून गल्लीमागच्या खाडीत भिरकावली.

"कोन शे ती सटवी!"

गावठी गुलाबाचं हे रोप त्यांनी माहेराहून, धरणगावाहून, ओल्या फडक्यात गुंडाळून सुरतेला आणलं होतं. त्यावरच करणी? या डिंडोली वस्तीत कुणाचं बरं म्हणून बघवत नाही लोकांना! जीव थाऱ्यावर यावा म्हणून त्यांनी शेजारच्या डब्यातल्या काटेरी झुडपाचं एकुलतं फूल खुडून सप्तशृंगीच्या तसबिरीला वाहिलं.

एवढ्यात त्यांचे यजमान हिलालआप्पा पलसाण्याच्या डाईंग मिलमधून रात्रपाळी करून आले आणि तडक गुलाबापाशी गेले.

"थैली कोठे गयी?"

"फेकी दिन्ही खाडीमा. करनी व्हती ना!"

आप्पा पायरीवर बसले.

"करनी नही वं. लगीन लायेल व्हतं मी."

सत्त्याण्णवची होळी नुकतीच झाली होती, ऊन तापू लागलं होतं. मिलमध्ये मशीन बसवायला आलेल्या जपानी फिटरने आप्पांना मागे मूठभर बिया दिल्या होत्या. समुद्राकाठच्या वाळूत, बर्फातसुद्धा तगणारा गुलाब. पानं सुरकुतलेली, पण रोग माहीत नाही, खारं पाणी पचवणारा. सुरतेचा उन्हाळा तेवढा त्याला सोसेना. डब्यात एकच झुडूप जगलं, तेही आता बुडापासून वाळत होतं. बाईंच्या गुलाबाला ऊन चालायचं, पण बोअरच्या खाऱ्या पाण्याने त्याची पानं करपायची. दोघांचं मिळून एक लेकरू व्हावं, एवढंच आप्पांच्या मनात होतं. म्हणून त्यांनी गावठी कळीतले पिवळे तंतू काढून तिला त्या जपानी झुडपाचा पराग लावला आणि माशी बसू नये म्हणून वर थैली बांधली. दोरा मिलमधला; त्या दिवशी लाल रंग चालू होता, इतकंच. आप्पांनी हे सगळं सांगून टाकलं.

"मंग माले सांगं का नही?"

"रोप उगनं म्हनजे दाखाडसू, आसं वाटनं." आप्पा डब्यातल्या झुडपाकडे वळले. "आते शेवटलं फूल व्हतं झुडूपवर, ते बी दिसत नही."

प्रमिलाबाईंची नजर तसबिरीवरच्या फुलाकडे गेली. स्वतःचाच राग राग आला. देवाला वाहिलेलं फूल परत उचलायचं नसतं. त्यापायी त्यांनी एकदा स्वतःच्या पोरीच्या हातावर चापट मारली होती.

त्या देवघरापुढे उभ्या राहिल्या. कान धरले.

"माय, लेकरूनं काम शे," म्हणाल्या, आणि फूल उचललं.

गावठी गुलाबावर एक कळी उमलू घातली होती. तिच्या पाकळ्या सोलून त्यांनी आतले पिवळे तंतू नखाने एकेक करून काढले आणि देवीचं फूल मधोमध अलगद टेकवलं. आप्पा चिंधी शोधायला धावले. चिंधी मिळाली, दोरा काही सापडेना. मग देवघरातला पूजेचा लाल नाडाच तोडून कळीवर चिंधी बांधली.

कुंपणावरून चंचल नावाची गुजराती शेजारीण डोकावली, थैलीकडे बोट दाखवलं.

"मावशी, आ शुं बांध्युं छे?"

प्रमिलाबाईंनी गाठ आणखी आवळली.

"करनी शे," त्या म्हणाल्या. "कोन्ही हात नका लावू."