लेमानांना अरे-तुरे

सावाई बेटावरच्या त्या गावाचा फोनवरचा ग्रुप सुरू झाला, तेव्हा जो तो आधी मताईंना, म्हणजे घराण्यांच्या प्रमुखांना, नमस्कार लिहायचा आणि मग मुद्द्यावर यायचा. ब्रिस्बेनला वृद्धाश्रमात काम करणाऱ्या फिलिगाला त्याचा कंटाळा. "निम्मा वेळ मान देण्यातच जातो. इथं सगळे सारखे, नुसतं नाव लिहा," असं तिनंच सुचवलं. परदेशातल्या पोरांनी ते उचलून धरलं. वर्षभरात गावातलेही तसंच लिहू लागले.

मग गावच्या पाण्याच्या टाकीवरून चर्चा निघाली. इओपु नावाचं कुणीतरी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होतं, टाकी शाळेकडे की चर्चकडे? फोटोच्या जागी डुक्कर. कामावरून वैतागून आलेल्या फिलिगानं ठोकून दिलं, "अरे इओपु, वाचता येतं का तुला? की डोकं डुकराला घातलंस?"

पन्नासेक जण हसले. तीही हसली.

सकाळी आईचा फोन. "कुणाला बोललीस, कळतंय का?"

"असेल कुणी पोरगा."

"लेमाना आहेत ते, गावचे मताई! इओपु लेमाना. तुझ्या बापाच्या मयतीत आपल्या बाजूनं उभं राहून बोललेले. मोतीबिंदूनं अक्षर दिसत नाही त्यांना."

फिलिगानं आपलं वाक्य घाईनं पुसलं. खालचं त्यांचं उत्तर मात्र तसंच राहिलं: "माफ कर बाळा, डोळे साथ देत नाहीत."

दोन दिवसांनी चुलतबहिणीनं फोटो पाठवला. लेमानांच्या दारासमोर, भर उन्हात, आई खाली बसलेली. डोक्यावरून घरातली सगळ्यात मोलाची चटई ओढलेली. कुणाच्या हातून खून झाला, तर त्याच्या घरचे माफी मागायला असे बसतात.

"लेमानांनी स्वतः येऊन चटई काढली," बहीण म्हणाली. "पण काकूंना उठवेना."

फिलिगानं आईला फोन लावला. "चूक माझी. तू का बसलीस?"

"तू कुठं आहेस इथं? इथं तुझं तोंड म्हणजे मीच."

ती माफी लिहायला बसली आणि पहिल्याच ओळीला अडली. कुठल्या मताईला मानाचा कुठला शब्द, आधी कोण, मग कोण, काहीच आठवेना. पुन्हा आईलाच विचारावं लागलं. आई शाळकरी पोरीला सांगावं तसा एकेक शब्द सांगत गेली.

माफी ग्रुपवर गेली. "काय गं, प्रवचन?" ब्रिस्बेनच्या एका पोरानं खोडी काढली. गावातलं कुणी हसलं नाही.

संध्याकाळी लेमानांच्या नातीनं लिहिलं, "आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं."

एवढंच. फिलिगानं ती ओळ कितीदा तरी वाचली. माफ केलं, असं त्यात कुठंच नव्हतं.