गाळलेलं नववं रीळ

उज्जैनच्या श्रीगोपाळ टॉकीजला प्रेक्षक का येईनासे झाले, याचा एक छापील अहवाल आहे. सव्वीस पानांचा. त्यात कारणं चौदा दिली आहेत आणि त्यातलं एकही खरं नाही. हे मी ठणकावून सांगतो, कारण खरं कारण बावीस वर्षं वर मशीनच्या खोलीत बसलेलं होतं आणि त्याचं नाव यज्ञेश्वर, म्हणजे मी.

अर्थात मी एकटाच नव्हे. खाली मालक होते, गोपाळकृष्णराव, सगळ्यांचे रावसाहेब. त्यांच्या घराण्याकडे दरबारात सहा पिढ्या एकच काम होतं, कोणी कुठे बसायचं ते ठरवण्याचं. गादीच्या उजवीकडे कोण, डावीकडे कोण, कोणाला लोड, कोणाला नुसती सतरंजी, हे सगळं त्यांच्या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवत. दरबाराचे दिवस भरत आले तेव्हा रावसाहेबांनी देवास गेटजवळ टॉकीज काढली. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. पडद्यासमोर त्यांनी दरबारच भरवला. मधल्या रांगेत आठ मानाच्या खुर्च्या, त्यांना लाल मखमल, आणि नियम असा की आठ मानकरी येऊन बसल्याशिवाय खेळ सुरू व्हायचा नाही. दारात रावसाहेब स्वतः अत्तरदाणी आणि विड्यांचं तबक घेऊन उभे राहत.

संस्थान होतं तोवर हे एखाद-दुसरं रीळ गाळून निभावलं. आठच मानकरी, आणि तेही बिचारे लवकर जेवून लवकर निजणारे. मग देश स्वतंत्र झाला, संस्थान मध्य भारत राज्यात गेलं आणि सगळे समान झाले. समान झाले म्हणजे काय, तर मानकरी आठाचे तीस झाले. जुने होतेच, त्यांना कसं काढणार? नवे आले ते खादी घालून आले, फायली घेऊन आले, करमणूक-कराच्या कचेरीतून आले. लाल मखमल पुरेना, तेव्हा रावसाहेबांनी तिकिटाच्या दोन रांगा मागे सरकवल्या. ह्या तिसातल्या कोणीही कधी तिकीट काढलं नाही. वेळेवरही कोणी आलं नाही, कारण जो आधी येईल तो लहान ठरेल. एकदा कचेरीतले साहेब आणि खादीवाले पुढारी एकमेकांच्या आधी यायला लागू नये म्हणून घड्याळाच्या टॉवरजवळच्या दोन वेगवेगळ्या हॉटेलांत तासभर चहा पीत बसले होते. इकडे दोनशे माणसं पांढऱ्या पडद्याकडे बघत बसली होती.

सहाचा खेळ असा सात वाजता लागे. पण नवाचा खेळ नवालाच लागायला हवा, कारण कायदा. मग मधला तास कुठून आणायचा? त्यासाठी रावसाहेबांच्या खोलीतून माझ्या खोलीत एक घंटी बसवलेली होती. पहिली घंटी म्हणजे सुरू कर. त्यानंतर जितक्या घंट्या वाजतील तितकी रिळं गाळ. गाण्याचं रीळ गाळायचं नाही, कारण मानकरी गाण्यासाठी येत. मारामारीचं गाळायचं नाही, कारण पुढच्या बाकांवरून आरडाओरडा होई. राहिली काय, तर गोष्ट. मी गोष्ट गाळत असे. बावीस वर्षांत मी किती आयांची पत्रं पोचू दिली नाहीत आणि किती बापांना पश्चात्ताप होऊ दिला नाही, त्याला गणती नाही. ती रिळं डब्यात पडून राहत आणि डबे तसेच पुढच्या गावाला जात.

लोक आधी चक्रावले, मग हसले, मग येईनासे झाले. दोनशेचे ऐंशी, ऐंशीचे तीस. छप्पन्न साल उजाडलं तेव्हा सहाच्या खेळाला अकरा माणसं नेमाने येत. त्यात गोपाळ मंदिराबाहेर फुलं विकणारी गेंदाबाई होती. टोपली रिकामी झाली की ती थेट टॉकीजला येई आणि पुढच्या बाकावर मांडी घालून बसे. मखमल मात्र रोज भरलेली. मानाला ओहोटी नव्हती.

माझी बायको विनोदिनी त्या उन्हाळ्यात बहिणीकडे इंदूरला गेली आणि आमच्याकडे लागलेलाच सिनेमा तिथे बघून आली. आल्याआल्या पिशवी खाली न ठेवता तिनं विचारलं, "अहो, ती मुलगी घर सोडते त्याच्या आधी बाप तिचं पत्र चुलीत घालतो, ते आपल्याकडे कुठे गेलं?" मी म्हटलं, नवव्या रिळात असेल. ती म्हणाली, असेल काय, मी सगळी पाहिली की, आणि तिथे टॉकीजला पाय ठेवायला जागा नव्हती. मग तिनं पिशवी ठेवली आणि सांगितलं की हे रावसाहेबांना सांगा, नाहीतर टॉकीज बुडेल आणि तुमच्या हातात त्या मशीनचा पाना तेवढा राहील. मी हो म्हटलं. सांगितलं नाही. मालकाला कोणी सांगायचं की तुमच्या मानपानानं टॉकीज बुडतेय? आमच्या घरात तीन पिढ्या त्यांच्याच दारात गेल्या होत्या.

तोवर धान्याच्या एका व्यापाऱ्यानं टॉकीज मागितली होती. त्याला गोदाम हवं होतं, दिवाळीच्या आत. रावसाहेबांचा जीव टॉकीजमध्ये होता. ते म्हणाले, कारण कळलं आणि उपाय निघाला तर विकणार नाही. आणि कारण शोधायला त्यांनी समिती नेमली. समितीत कोण? तर मखमलीवर बसणारे चारजण. अध्यक्ष संस्थानातले निवृत्त अधिकारी नायब सुभेसाहेब, शिवाय एक वकील, एक हेडमास्तर आणि एक खादीवाले. लोक तिकीट का काढत नाहीत, हे ज्यांनी जन्मात तिकीट काढलं नाही त्यांना विचारायचं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ते असं.

समितीच्या सात बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीला गरम कचोरी होती. हेडमास्तरांच्या मते मुलींच्या दोन वेण्या हे कारण होतं. वकील म्हणाले, पंखे. खादीवाले म्हणाले, राज्य पुनर्रचना. एक नोव्हेंबरला मध्य भारत संपणार, राजधानी भोपाळला जाणार, अशा अनिश्चिततेत माणूस सिनेमा बघेल कसा. प्रेक्षकांतल्या एखाद्याला बोलवावं असं कोणाच्या मनात आलं नाही, कारण त्याला कुठे बसवायचं हा प्रश्न होता. शेवटी अभ्यासासाठी एक सिनेमा प्रत्यक्ष बघायचं ठरलं. तोच, चुलीतल्या पत्राचा, डबे पुन्हा मागवून.

त्या दिवशी समिती पाऊण तास उशिरा आली. अध्यक्ष सगळ्यात शेवटी. अत्तर झालं, विडे झाले. माझ्या खोलीत घंटी वाजली, आणि मागोमाग चार वेळा वाजली. मी सहावं, नववं, अकरावं आणि बारावं रीळ बाजूला ठेवलं. विनोदिनीचे शब्द कानात होते, हात मात्र सवयीनं चालले.

खेळ संपल्यावर रावसाहेबांच्या खोलीत शेवटची बैठक झाली आणि मला मशीनबद्दल काही विचारायचं झालं तर म्हणून दाराशी उभं केलं. अध्यक्ष म्हणाले की हल्लीच्या गोष्टींना शेंडा नाही की बुडखा नाही. मुलगी आत्ता बापाच्या पाया पडते आणि लगेच घर सोडते, मध्ये काही नाहीच. असल्या गोष्टींनी लोकांची अभिरुचीच मेली, तेव्हा आता उपाय नाही. बाकी तिघांनी माना डोलावल्या. रावसाहेबांनी विड्यांचं तबक खाली ठेवलं. मग निकालासाठी बाहेर थांबलेल्या त्या व्यापाऱ्याला त्यांनी आत बोलावलं आणि चौघांसमोर शब्द दिला. एकतीस ऑक्टोबरचा खेळ शेवटचा.

सगळे गेले, रावसाहेब एकटे रिकामं तबक पुसत बसले, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

"रावसाहेब, मध्ये होतं. मी काढलं."

"काय काढलं?"

"बापाचं रीळ. तुमच्या घंटीवर. आज चार काढली, बावीस वर्षं काढतोय."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. घंटीच्या बटणाकडे त्यांनी असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कोणीतरी बसवलेलं होतं. मग म्हणाले, "दाखव." तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्या माणसानं आपल्या टॉकीजमध्ये एकही सिनेमा पुरता पाहिलेला नाही. ते कायम दारात, तबक घेऊन. मी नववं रीळ लावलं. रावसाहेब मखमलीवर नाही, पुढच्या बाकावर बसले. पडद्यावर बापानं पत्र चुलीत घातलं आणि राख निवेपर्यंत तिथेच उभा राहिला. दहा मिनिटांत रीळ संपलं, दिवे लागले, पण ते उठले नाहीत. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "यज्ञेश्वर, अच्छी है रे गोष्ट." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी म्हटलं, व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगा. ते म्हणाले, शब्द चौघांसमोर दिला आहे. मानानं टॉकीज बुडवली होती, आणि आता तोच मान तिला वाचवू देईना. मला इतका संताप आला की मी पाना भिंतीवर फेकून मारला. रावसाहेबांनी तो उचलून माझ्या हातात दिला.

मात्र एकतीस तारखेला तोच सिनेमा ठीक सहाला लागेल, असा फलक त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून चार दिवस आधी दारावर लावला. खेळ शेवटचा आहे, एवढं त्यांनी त्यावर लिहिलं नाही. मानकऱ्यांनी फलक वाचलाच नाही. फलक लोकांसाठी असतात.

त्या दिवशी पावणेसहाला मी मशीनच्या दिव्याचे कार्बन लावून बसलो. सहा वाजले. घंटी वाजेना. मी भिंतीतल्या खिडकीतून पाहिलं, तर दारात कोणी नव्हतं. रावसाहेब दुसऱ्या बाकावर बसले होते, त्यांच्या मागे विनोदिनी, आणि ते अकराजण. विड्यांचं तबक गेंदाबाईच्या मांडीवर होतं आणि ती विडा चघळत होती. रावसाहेबांनी मागे वळून खिडकीकडे पाहिलं आणि हात वर केला. मी मशीन सुरू केलं आणि एकामागून एक सगळी रिळं लावली. एकही डब्यात ठेवलं नाही.

पावणेसातला मानकरी आले. स्वागताला कोणी नाही, आत अंधार. वकील कशाला तरी अडखळले. अध्यक्षांनी मोठ्यानं खाकरून पाहिलं, तेव्हा बाकांवरून कोणीतरी म्हणालं, "ओ भाईसाब, बैठ जाओ." ते बसले नाहीत. तसेच परत गेले, आणि अहवालात एक परिच्छेद वाढला, प्रेक्षकांच्या उद्धटपणाचा.

खेळ संपला. दिवे लागले तरी अकराजण जागचे हलेनात. मी खाली आलो. गेंदाबाई रावसाहेबांना म्हणाली, "चार बार देखी थी मैंने. आज मालूम पड़ा कि छोरी ने घर क्यों छोड़ा." मग टोपली उचलत तिनं विचारलं, "कल कौन-सी है?"

रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.  टोपली कमरेवर घेत तीच म्हणाली, "कोई बात नहीं. छह बजे आ जाऊँगी."

आणि ती आली. दुसऱ्या दिवशी, नव्या राज्याच्या पहिल्या दिवशी, ठीक सहाला. मी मशीन खोलायला गेलो होतो, म्हणून पाहिलं. बरोबर दोन शेजारणींना घेऊन आली होती. फाटकापासून पडद्यापर्यंत गव्हाची पोती लागली होती. तिघी जणी थोडा वेळ पोत्यांसमोर उभ्या राहिल्या आणि मग गेल्या.

अहवाल त्यानंतर आठवड्यानं छापून आला. लोकांना सिनेमाची आवड राहिली नाही, असं त्यात पहिल्याच पानावर म्हटलं आहे. खाली अध्यक्षांची सही आहे.