माझे काठ कापले गेले तेव्हा

मी एक जुनी वही आहे. मित्रांनो, तुम्हाला माझी कहाणी सांगायला बसले खरी, पण अजूनही माझी पानं थरथरतात. ज्या हातांनी मला घडवलं, त्याच हातांनी मला कापलं. हो, कापलं! आणि तेही अगदी प्रेमाने!

पण सुरुवातीपासून सांगते. माझा जन्म बाइंडिंगच्या दुकानातला. दुकानाची मालकीण दिवसभर लोकांची पुस्तकं शिवायची. त्यातून उरलेले कागद तिने वर्षभर साठवले, दुमडले, जाड दोऱ्याने शिवले, खळ लावली आणि मला प्रेसखाली दाबून ठेवलं. माझी काही पानं पांढरी, काही पिवळसर, काही रेघांची. थोडक्यात काय, मी ठिगळांचीच. तरी काय ऐट होती माझी!

तिने मला आपल्या मुलीला दिलं. या मुलीला सगळे टकळी म्हणत, कारण तिचं तोंड म्हणून बंद नसायचं.

"घे," आई म्हणाली, "बडबडून माझं डोकं खातेस ना, आता हिचं खा. मी कध्धी उघडून बघणार नाही, शपथ. फक्त कागद वाया घालवायचा नाही हं!"

टकळीने हे इतकं मनावर घेतलं की तिने समास सोडलाच नाही. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती अक्षरं, मुंग्यांच्या रांगेसारखी!

रोज शाळेत जाण्याआधी ती खिडकीत बसायची, डोळे मिटून तीन मोठे श्वास घ्यायची आणि एक पान भरायची. पहिले कित्येक दिवस नुसत्या तक्रारी. मला तर कंटाळाच आला होता. मग एके दिवशी तिने लिहिलं, "दोरा ओढताना आई श्वास धरून ठेवते. गाठ बसली की सोडते." बस, एवढंच. पण मी चकित झाले. तिला दिसायला लागलं होतं! पुढे तिला खळीचा वास सापडला, शिडीवर पडणारं ऊन सापडलं, दोन कविता सापडल्या, स्वतःची चूकही सापडली. लिहून झालं की ती क्षणभर माझ्यावर हात ठेवून गप्प बसायची. हीच का ती टकळी, असं वाटायचं. ताप आला तरी तिने एक दिवस चुकवला नाही.

रोजच्या उघडमिटीने माझी शिवण ढिली झाली. शाळेची चार दिवसांची सहल निघाली, तेव्हा पानं गळतील या भीतीने टकळीने मला घरीच ठेवलं. आईने मला उचललं. लेक परत यायच्या आत नवं निळं कापडी कव्हर घालायचं ठरवलं तिने. शपथ मोडू नये म्हणून अक्षरांकडे न बघता, मान वळवून, नुसत्या बोटांनी तिने मला शिवलं. मला तर भरून आलं.

आणि मग तिने मला कटरखाली ठेवलं.

मित्रांनो, वीस वर्षांची सवय! तिच्या दुकानातून पुस्तक तीन बाजूंनी कापून सारखं केल्याशिवाय बाहेर जात नसे. अक्षरं थेट काठाला भिडलेली आहेत, हे न बघणाऱ्या बाईला कसं कळणार? मी ओरडले, पण वहीचा आवाज कुणाला ऐकू येतो? कच्च. कच्च. कच्च. करंगळीएवढ्या रुंद पट्ट्या खाली पडल्या. उजव्या पानांवरच्या ओळींचे शेवट गेले, डाव्या पानांवरच्या सुरुवाती गेल्या, वरच्या तारखा गेल्या.

टकळी आली, निळं कव्हर बघून नाचली, मला उघडलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई! तू हे काय केलंस?"

"अगं, नीट दिसावी म्हणून..." आईने पहिल्यांदाच माझ्यात डोकावून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून ती स्टुलावर बसलीच.

त्यानंतर नऊ दिवस टकळीने एक अक्षर लिहिलं नाही. त्याहून भयंकर म्हणजे ती बोललीही नाही. घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आता ही कायमची मिटली, असंच मला वाटलं.

दहाव्या दिवशी सकाळी आई एक पिशवी घेऊन आली. रद्दीच्या पोत्यात हात घालून तिने माझ्या सगळ्या पट्ट्या वेचल्या होत्या.

"वाचल्या नाहीत गं. पण एक बोटाला चिकटली. तिच्यावरचं 'आई' तेवढं दिसलं."

"चांगलं होतं की वाईट?" नऊ दिवसांनी टकळी बोलली.

"मला काय माहीत? पुढचं तुझ्याकडे आहे."

टकळीने मला मांडीवर घेतलं, ती पट्टी काठाला जुळवत पान शोधलं आणि मोठ्याने वाचलं, "कधी विचारतच नाही. माझ्या भल्यासाठी म्हणून परस्पर सगळं करून टाकते."

वाचता वाचता तिने माझ्या निळ्या कव्हरकडे पाहिलं. हे तर तिने कव्हरच्या कितीतरी आधी लिहिलं होतं!

आईने पट्टी हातात घेतली. मग हळूच म्हणाली, "पट्ट्या चिकटवून देऊ? का नको? तू सांग."

"नको. कोरी पानं जोड मागे. आणि आई, कापायचं नाही!"

"अगं, वेडीवाकडी दिसेल! माझ्या दुकानाची अब्रू जाईल!"

"जाऊ दे की!"

आई हसली. मग टकळीही.

आता माझी नवी पानं जुन्यांपेक्षा करंगळीभर बाहेर आली आहेत. मी गबाळी दिसते. गिऱ्हाईक नाक मुरडून विचारतं, "ही कुणी बांधली हो?" आई सांगते, "मीच."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, मी आता समास सोडा म्हणेन. छे! रोज लिहा, अगदी काठापर्यंत लिहा. फक्त दुसऱ्याच्या वहीला, कितीही प्रेमाने असो, हात लावण्याआधी एकदा विचारा. आज सकाळी टकळीने तीन श्वास घेतले आणि नव्या पानाच्या पार टोकाला जाऊन लिहिलं, "आज आईने विचारलं."

पेनाचं टोक काठावरून घसरलं, तेव्हा मला गुदगुल्या झाल्या.