शेवट इंद्रभान सरांकडे

पान १ ते ८३

मोताळ्याच्या त्या वाचक मंडळात माणसं चार आणि कादंबरीची प्रत एक. नवी कादंबरी आली की बाइंडर तिचे चार तुकडे करी आणि प्रत्येकाला खाकी कव्हर घाली. आपला तुकडा वाचायचा, दुसऱ्याचा उघडायचा नाही, आणि रविवारी दुपारी महादेवरावांच्या कृषी केंद्रामागच्या खोलीत, बियाण्यांच्या पोत्यांवर बसून ओळीने सांगायचं. नियम इंद्रभान सरांचा. शेवटचा तुकडाही कायम त्यांचाच. बाइंडर वाक्याच्या मधोमध सुरी चालवी, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. उरलेलं वाक्य ऐकायला माणसाला यावंच लागे आणि

पान ८४ ते १६१

सर तर यायचेच. पण दिवाळीपासून त्यांना वाचता येत नव्हतं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग गेला होता. रस्ता दिसे, कडेकडेचं दिसे, पण ज्याच्याकडे पाहावं तेच पुसलं जाई. अक्षर काय, चेहरा काय. हे आता असंच राहणार, असं बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सरांनी ही गोष्ट पोटातच ठेवली. चाळीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. ही एक दुपार हातची गेली तर बाकीचे सहा दिवस कशाच्या आशेवर काढायचे? म्हणून पहिले तीन तुकडे ते जिवाचा कान करून ऐकत आणि चौथा मनाने रचत. दोन कादंबऱ्या अशा निभावल्या. ही तिसरी, हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या बहिणीची. महादेवराव, पुष्पांजली आणि पूनम यांचं सांगून झालं, तसं सरांनी आपलं कव्हर उघडलं आणि

पान १६२ ते २४०

सुरुवात केली. बहीण शेगाव स्टेशनवर उतरते. बाकावर भाऊ. तो तिला ओळखत नाही, आणि तीही ओळख देत नाही. शेजारी बसून फक्त गाडीची वेळ विचारते. सांगता सांगता सर पानं उलटत होते. आवाज छान लागला होता. थांबले.

एरवी शेवटावरून खोलीत भांडण पेटे. आज नुसता पंखा फिरत होता.

"बोला की! इतका बेकार शेवट आहे का?"

"सर," महादेवराव म्हणाले, "तुमच्या हातात दहावीच्या विज्ञानाचं गाईड हाय."

सरांचा हात पानावर तसाच राहिला.

"बाइंडरनं घोळ केला. शेवट पूनमच्याच कव्हरात निघाला, तिनं आम्हाले आधीच सांगतलं होतं. आम्ही तं हसाची वाट पाहून राह्यलो होतो. म्हटलं, सर आता त्याले चांगल्या शिव्या देतीन. तुम्ही किडनीचं चित्र उलटून पुढं गेले."

"दिसत नाही का, सर?" पूनमने हळूच विचारलं.

"दिवाळीपासून."

पुष्पांजली मनाशी काहीतरी जुळवत होती. "म्हणजे मागचीबी? घर सोडून गेलेली बाई शेवटी नवऱ्याकडं वापस येते, ते?"

"ते मीच."

"मी ते ऐकून वापस आली, सर."

चार महिने ती माहेरी, हिवरा आश्रम या गावी होती. मंडळापुरती रविवारी एसटीने यायची. मग एक दिवस सासरी परतली, का ते कोणी विचारलं नव्हतं. सरांनाही वाटलं होतं, बरं झालं.

"मले वाटलं, पुस्तकातल्या बाईचं भलं झालं तं आपलंबी होईन. नाही झालं." ती उठली. जुन्या कादंबऱ्यांचे तुकडे भिंतीतल्या फळीवर होते. त्यातलं चौथं कव्हर तिने काढलं.

"ताई, राहू द्या न," पूनम म्हणाली.

पुष्पांजली उभ्यानेच वाचू लागली. सर तिच्याकडे पाहत होते, म्हणून त्यांना ती दिसत नव्हती. पानं उलटल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"काय आहे?" सरांनी विचारलं.

"येत नाही ती." पुष्पांजली म्हणाली. "सर, ती येतच नाही."

माफ कर, असं काहीतरी सरांच्या तोंडात आलं, पण ते कुठल्या दिशेला म्हणायचं ते कळेना. महादेवराव पोत्यावरून उठले, परत बसले.

"चार वाजले," ती चपला शोधत म्हणाली. "मले जा लागते. उशीर झालेला त्याले चालत नाही."