कलम नऊची लाभार्थी

दत्ताआजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "कौमुदीचं नाव स्वयंसेवकांत बसत नाही. लाभार्थींत बसतं."

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. आमच्या मराठी मंडळाच्या खोलीत दहा-बारा जण होते, समोर शेव-खमणच्या बश्या होत्या, आणि कुणी हसेना.

"लाभार्थी म्हणजे?" मी विचारलं.

"जिला योजनेचा लाभ द्यायचा, ती."

"कोण देणार लाभ?"

"स्वयंसेवक. हा विहंग, त्याच्या वर्गातली मुलं."

विहंग म्हणजे माझ्याच बाकावर बसून माझ्याच वहीतली गणितं उतरवणारा. मी शाळा सोडली, तो अकरावीत गेला. आता तो बुटांकडे बघत बसला होता.

"पण वर्ग माझा आहे!" मी ओरडले. "मी सुरू केलाय तो!"

"कुणी नाही म्हणतंय का?" दत्ताआजोबा म्हणाले. "पण कलम सात बघ. सेवा देणाऱ्याचं नाव मान्यताप्राप्त शाळेच्या पटावर पाहिजे. तुझं नाही. आणि कलम नऊ, लाभार्थींमध्ये निदान एक तरी शाळा सोडलेला युवक पाहिजे, पंधरा ते एकोणीस वयाचा. ती तू आहेस. एकच माणूस दोन्हीकडे चालत नाही."

आणि त्यांनी खमणाचा तुकडा तोंडात टाकला.

दत्ताआजोबा म्हणजे दत्ताजीराव, माझ्या आईचे काका. त्यांचे आजोबा संस्थानच्या काळात सुभ्याच्या कचेरीत होते, वडील पण सरकारी, हे स्वतः पण सरकारी. घरात कुणी एक रुपयाचा पेढा सुद्धा घेतला नाही, हे ते दर दसऱ्याला सांगतात. आमच्या घरी सगळे मास्तर नाहीतर साहेब. मी एकटी अशी. दहावीत गणिताच्या सरांनी भर वर्गात विचारलं, "तुझ्या घरी सगळे प्रोफेसर, तू कुठून आलीस गं?" मी म्हटलं, तुमच्या घरी विचारा. मग प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी माग म्हणाले. मी नाही मागितली. दप्तर घेतलं आणि घरी आले. आई आठवडाभर बोलली नाही, बाबा महिनाभर.

घरात बसून डोकं फिरायचं, म्हणून सायकल घेऊन निघायचे. तेव्हा सगळ्या बडोद्यात खोदकामच चाललेलं. वाघोडियाला नवीन कंपन्या आल्या, त्यांच्या साहेबांना फ्लॅट पाहिजेत, म्हणून वासण्याला शेतं संपून इमारती उगवत होत्या. अशाच एका साइटवर मी बघितलं, जमिनीतल्या पाण्याच्या टाकीला झाकण नाही, आणि दोन छोकरं काठावर बसून आत खडे टाकतायत. आई वर तिसऱ्या मजल्यावर घमेली वाहतेय. मी त्यांना बखोट धरून बाजूला आणलं. ती रडायला लागली, म्हणून गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी गेले तर नऊ जण बसलेले. गोष्टी संपल्या, मग अक्षरं काढली, रेतीत. एवढंच. कुणाला विचारून नाही केलं.

पुढे पावसाळा झाला, दिवाळी झाली, पोरं वीसवर गेली. आम्ही खालच्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये बसायचो. पण आता तिथे लादी बसणार होती. बिल्डरनं सांगितलं, "बेन, चार-पाच महिन्यांत खाली करा. कोपऱ्यात शेड घाला पाहिजे तर. पण सरकारी कागद आणा, उद्या कोणी पडलं-झडलं तर माझ्या गळ्यात नको." शेड नाही तर पोरं परत टाकीच्या काठावर, हे मला दिसत होतं. म्हणून मीच दत्ताआजोबांकडे गेले होते. मीच! आणि त्यांनी ही योजना शोधून काढली. तरुणांनी वस्तीत सेवा करायची, करता करता शिकायचं, सरकार अनुदान देणार. त्यातून शेड, झाकणं, पाण्याचा माठ, लहानग्यांसाठी एक बाई. ऐकून मी त्यांच्या पाया पडले होते. मूर्ख.

मीटिंगनंतर मी त्यांना सोडलं नाही. "चला योजनेच्या कचेरीत. साहेबांना विचारू."

कचेरीतला साहेब गुजराती, जाडा, एकदम मजेतला. टेबलावर चहा आणि भजी. "आवो आवो, दत्ताजीराव काका! बेसो." सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "अरे काका, एमां शुं? बेनचं नाव कोई पण स्कूलमां लखावी दो ने."

"पण ती शाळेत जात नाही," दत्ताआजोबा म्हणाले.

"ना जाय तो ना जाय. पटावर नाव तो रहे."

"म्हणजे खोटं?"

"काका, जोवा कोण आवे छे?"

"तपासणी असते, असं कलम चौदात लिहिलंय."

"तपासणी मी ज करू छुं!" साहेब मराठी-गुजरातीची खिचडी करत टेबलावर थाप मारून म्हणाला. मला तर तो देवासारखा वाटला. पण दत्ताआजोबा उठून उभे राहिले. कोटाचं बटण लावलं.

"माफ करा. आमच्याकडे असं झालेलं नाही."

बाहेर आल्यावर मी पायरीवर चप्पल आपटली. "साहेब म्हणतोय चालेल, आणि तुम्ही म्हणता नाही चालणार! सरकार कोण आहे, तो की तुम्ही?"

"नियम सरकार आहे," ते म्हणाले. "साहेब बदलतात."

काय बोलणार अशा माणसाला! चोर असता तर भांडता आलं असतं.

मग त्यांनी स्कूटरला किक मारायच्या आधी मला समजावलं. "शेड पाहिजे ना? मग थोडे महिने शांत बस. विहंग शिकवेल, तू बस. गांधीनगरहून तपासणीला बाई येतील, त्या गेल्या की मंजुरी. पोरांसाठी कर."

पोरांसाठी. हा शब्द टाकला की माझी बोलती बंद, हे त्यांना माहीत होतं.

तर असा माझा लाभ सुरू झाला. सोमवार-बुधवार-शुक्रवार विहंग आणि त्याची टोळी इस्त्रीच्या कपड्यात साइटवर यायची. पोरांना ते "बच्चों, चुप बैठो" म्हणायचे आणि पोरं आणखी ओरडायची. रमली म्हणून एक आठ वर्षांची, दाहोदकडची, एकदम तिखट. ती विहंगला म्हणाली, "तमे तो रोज घड्याळ ज जुओ छो." खरंच होतं. त्यांचे सेवेचे तास भरायचे होते, तेवढेच त्यांना शाळेत गुण मिळणार होते.

मला विहंग शेवटच्या तासाला शिकवायचा. आम्ही दोघं सिमेंटच्या गोण्यांवर बसायचो.

"एका दुकानदाराने," तो वाचायचा, "एक पाचशेचा पंखा बारा टक्के नफ्याने..."

"पाचशे साठ."

"अगं थांब ना! मला समजावू दे."

"तुला येतं का समजवायला? पाचशेवर बारा टक्के साठ. झालं."

"कौमुदी, प्लीज. तू अशी पटापट केलीस तर माझा तास कसा भरणार? हळू कर ने."

"मग तू झोप. मी पोरांकडे जाते."

"नको! आमच्या शाळेचे सर फेरी मारतात. तू शिकवताना दिसलीस तर दोघांचंही नाव जाईल."

मी बसून राहायचे. समोर अभिजित नावाचा एक चष्मेवाला पोरांना 'ळ' शिकवताना फळ्यावर उलटा काढत होता आणि मला गप्प बसायचं होतं. हात शिवशिवायचे. एकदा मी त्या दिशेला रेती फेकली. वाऱ्यानं उडाली म्हटलं.

तपासणीच्या दिवशी साइट झाडून काढलेली. टाकीवर फळ्या टाकलेल्या. गांधीनगरच्या मॅडम बारीक, कॉटनची साडी, नजर एकदम सुरीसारखी. मागे आपला जाडा साहेब, पण आज भजीवाला चेहरा नव्हता, उन्हात पण सरळ उभा. मॅडमनी पोरांना वाचायला लावलं. रमलीनं वाचलं, खाडखाड, मी शिकवलेलं. मॅडमनी विहंगकडे बघून मान हलवली. विहंगनं मान खाली घातली.

मग माझ्याकडे वळल्या. "तमे ज शाळा छोडेली बेन?"

"हो."

"अहीं शुं शीख्यां?"

दत्ताआजोबा माझ्याकडे बघत होते. पोरं पण. मला वाटलं, सांगावं सगळं. तोंडाशी आलेलं. पण मॅडमच्या मागे ती कोपऱ्यातली जागा दिसत होती, बिल्डरनं चुन्याची रेघ मारून ठेवलेली.

"टक्केवारी," मी म्हटलं.

आधी नव्हती येत का, मॅडमनी विचारलं.

"नाही. इथे शिकले. यांनी शिकवली."

मॅडमनी एक गणित विचारलं, मी मुद्दाम जरा थांबून उत्तर दिलं. "सरस!" त्या म्हणाल्या. काहीतरी लिहिलं. गाड्या गेल्या. विहंग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "थँक्यू." मी म्हटलं, चालता हो.

मला वाटलं, आता तरी दत्ताआजोबा पाठ थोपटतील. ते आले आणि त्यांचा चेहरा लाल.

"तू खोटं का बोललीस?"

मला कळेचना. "तुम्हीच म्हणालात ना, शांत बस!"

"शांत बस म्हणालो. खोटं बोल म्हणालो नाही. तुला टक्केवारी चौथीपासून येते. मीच शिकवली होती, पाटावर बसून."

"मग काय सांगायला पाहिजे होतं? काही शिकले नाही? की वर्ग मीच चालवत होते? शेड मिळाली असती?"

"नसती मिळाली."

"मग!"

ते गोणीवर बसले, जिथे मी तीन महिने बसले होते. कोटाला सिमेंट लागलं, त्यांनी झटकलं पण नाही. हातातल्या छत्रीच्या टोकानं जमिनीवर दोन रेघा काढल्या.

"हे बघ, कौमुदी. मंडळाचा अध्यक्ष मी आहे. सही माझी आहे. मला दोनच गोष्टी करता येतात. एक, गांधीनगरला लिहून कळवायचं की लाभार्थीनं दिलेली माहिती चुकीची होती. मग मंजुरी जाईल, शेड जाईल. नाहीतर तू जे बोललीस ते खरं धरायचं. पण मग कलम अकरा लागतं."

"आता अकरात काय आहे?"

"लाभार्थीनं समाधानकारक प्रगती केली की त्याचं नाव काढून दुसऱ्याला संधी द्यायची. मॅडमनी तसा शेरा मारलाय, मी बघितला. आणि ज्यांचं नाव योजनेत नाही त्यांना शेडमध्ये यायला मनाई आहे. विमा नसतो."

"म्हणजे मी बाहेर."

"पुन्हा शाळेत नाव घातलंस तर स्वयंसेवक म्हणून..."

"आणि त्या सरांची माफी मागून?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही तिसरं का नाही करत?" मी म्हटलं. "काहीच करू नका. मी येत राहीन, तुम्ही बघू नका. सगळं बडोदं असंच चालतं!"

"मला दिसतं गं," ते म्हणाले. "दिसलेलं नाही दिसलं कसं म्हणू?"

मला इतका राग आला की रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग. तो माणूस वाईट नव्हता, हाच तर त्रास होता. "तू सांग," ते म्हणाले, "काय लिहू? तू म्हणशील ते लिहितो."

वा. म्हणजे ते पण मीच सांगायचं.

वर स्लॅबवर बायका घमेली पुढे देत होत्या. खाली चार पोरं टाकीवरच्या फळ्या उचलून आत बघत होती. तपासणी संपली होती ना, आता फळ्या कुणाच्या!

"ए! सोडा ते!" मी ओरडले. मग दत्ताआजोबांना म्हटलं, "काही लिहू नका. मी बोलले तेच खरं धरा."

आणि सायकल काढली.

शेड उभी राहिली. निळा पत्रा, सिमेंटची जमीन, माठ, टाकीला लोखंडी झाकण, कुलपासकट. गंगाबाई म्हणून एक बाई ठेवली. लाभार्थी म्हणून मुकादमाचा पुतण्या आणला, तो दिवसभर झोपतो. बाहेर बोर्ड लावलाय, त्यावर मंडळाचं नाव, योजनेचं नाव, शाळेचं नाव. शेड सुरू झाल्यावर मी पंधरा दिवस तिकडे फिरकले नाही. घरात सगळ्यांशी भांडले. आई म्हणाली, "मोठं काम केलंस गं." मी म्हटलं, मोठं काम मला नको, माझं काम पाहिजे.

सोळाव्या दिवशी गेले. नुसतं बघायला, रस्त्यावरून. शेडभोवतीच्या तारेच्या कुंपणाशी सायकल टेकवली तर विहंग पळत आला, खांद्यावर एक तान्हं, नाक गळणारं.

"बरं झालं आलीस! हा रमलीचा भाऊ. गावाला आजीकडे होता, ती आजारी पडली म्हणून इकडे आणलाय. रमली याला घेऊन बसते, हा रडतो, वर्ग बंद पडतो. गंगाबाई म्हणते, तीन वर्षांखालची मुलं माझ्या कामात लिहिलेली नाहीत. रमलीला घरी पाठवू का?"

"मला काय विचारतोस? कलम विचार."

"यावर कलमच नाहीये!"

आतून रमली बघत होती, पाटी धरून, उठायच्या तयारीत. तिला माहीत होतं आता तिलाच पाठवणार.

"दे इकडे," मी म्हटलं.

तर मी कुंपणाच्या बाहेर, उन्हात, ते पोर कडेवर. त्यानं पहिल्या पाच मिनिटांत माझे केस ओढले आणि दहाव्या मिनिटाला कुर्ता ओला केला. आत अभिजित सातचा पाढा घेत होता. "सात साते सत्तेचाळीस," पोरं ओरडली, आणि तो गाढव पुढे गेला.

"एकोणपन्नास!" मी कुंपणावरून ओरडले. "एकोणपन्नास! परत म्हणा!"

पोरांनी परत म्हटलं. आठा-नवाला परत अडखळली, मी परत ओरडले. तेवढ्यात मागे स्कूटर थांबली. दत्ताआजोबा उतरले, कुंपण बघितलं, माझे पाय बघितले.

"मी बाहेर आहे," मी म्हटलं.

"हो. बाहेर आहेस."

"मग?"

"आवाज आत जातोय."

"आवाजाला कलम आहे?"

ते खरोखर विचार करायला लागले. चष्मा वर सरकवला, खाली आणला. पोर त्यांच्या बटणाकडे हात करत होतं, तिकडे लक्षच नाही.

"बघावं लागेल," ते म्हणाले. "घरी जाऊन बघून सांगतो."

आणि खरंच स्कूटर वळवली. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले, इतकी चिडून, की पुढचा पाढा पहिल्यापेक्षा मोठ्यानं घेतला.