प्रवचन संपल्यावर

मित्रांनो, मी एक जुनी ध्वनिफीत आहे. स्वीडनच्या उत्तरेकडल्या एका गावात, चर्चच्या कपाटात मी पडून असे. माझ्या डबीवर एकच शब्द होता : 'प्रवचन'.

दर रविवारी पाद्रीबाबांचे प्रवचन माझ्यावर उतरे. मग अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी मला पाठवत. पुढच्या रविवारी जुने पुसून नवे भरत. माझा जीव कधी स्वस्थ नसे. आज पोटात आहे ते उद्या राहील का, हाच घोर!

एका रविवारी सेवेकरी बिर्गर ध्वनिमुद्रणाचे यंत्र बंद करायला विसरला आणि प्रार्थनेनंतरच्या कॉफीला पळाला. सारे गाव शेजारच्या दालनात दालचिनीच्या पावांवर तुटून पडले. रिकाम्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एलोफ तेवढा उरला. तो स्वतः सुरावटी रची, पण लोक म्हणत, "एलोफबुवा, तुमचं ते राहू द्या, नेहमीची स्तोत्रं वाजवा!" त्या दिवशी ऐकणारे कोणी नाही असे समजून त्याने आपली रचना वाजवली. पाद्रीबाबांच्या शब्दांच्या हाती जे लागले नव्हते, ते त्या सुरांना सापडले.

त्या आठवड्यात मला आजारी गुनवोरबाईंच्या घरी पाठवले. त्या सुरांनी बाई अंथरुणात उठून बसल्या. बिर्गर मला न्यायला आला, तर म्हणाल्या, "माझं अजून ऐकून झालं नाही."

"अहो बाई, महिना झाला! एवढं लांब प्रवचन पाद्रीबाबासुद्धा देत नाहीत."

"मी मंद आहे रे बाबा. समजायला वेळ लागतो."

अशी मी पुसली जाण्यापासून वाचले. पुढे बाई गेल्या, एलोफही गेला, आणि मी कपाटात परतले; तोवर माझ्या जागी नवी फीत आली होती. एलोफच्या सुरावटींच्या वह्यांवर धूळ बसली. अधूनमधून कोणी मला लावी, प्रवचनाला जांभई देई आणि बटण दाबी. मी आतल्या आत तडफडे : अहो, थांबा ना थोडे!

यंदा ते कपाट रिकामे करायला काढले. नवी ऑर्गनवादक आल्वा एलोफच्या वह्या उघडून बसे. पण त्या रचना किती संथ घ्यायच्या, कुठे थांबायचे, हे सांगणारे गावात कोणी नव्हते. टाकण्याआधी एकदा ऐकावे म्हणून तिने मला यंत्रावर चढवले. माझ्या अंगाचे पापुद्रे सुटत होते. आता नाही तर कधीच नाही!

म्हातारा बिर्गर कचऱ्याची पेटी घेऊन उभा होता. "टाक गं यात. नुसतं प्रवचन आहे. चल, पाव संपतील."

"संपू देत, बिर्गरकाका. देवाचं बोलणं अर्ध्यावर तोडू नये, असं आई म्हणायची." तिने विणकाम काढले.

'आमेन' झाले. बाके सरकली. लांबून कप किणकिणले. मग नुसती खरखर. आल्वाचा हात बटणाकडे गेला...

आणि पहिला सूर उमटला.

तिचा हात तिथेच थांबला. बिर्गरने पेटी खाली ठेवली. "अगं, हा तर आपला एलोफ! म्हणजे मी यंत्र तसंच सोडून गेलो होतो की काय?"

"शू! ऐका."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू टाकण्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐका. माणसांचेही तसेच. 'आमेन' झाल्यावर लगेच उठू नका. एखादा एलोफ तेव्हा कुठे वाजवायला बसतो.