वाकड्या झाकणाचा डबा

ऐका, मित्रांनो, आधी नुसतं ऐका! प्रश्न शेवटी. मध्येच कुणी "मग पुढे?" म्हणालं की माझं झाकण वाजायला लागतं आणि सगळी गोष्ट सांडते.

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. जुना म्हणा, पण म्हातारा म्हणू नका हं. आम्ही पाच भाऊ, एकाच्या पोटात एक बसणारे, आणि मी सगळ्यात धाकटा, शेंडेफळ. कारखान्यात पत्र्यावर यंत्राचा ठोका पडला, थाड्, की एक डबा तयार. माझ्या झाकणाच्या वेळी पत्रा जरासा सरकला. झालं! झाकण एका बाजूने वाकडं. बसवताना जोर लावायचा, आणि उघडताना असं 'टण्ण' वाजणार की शेजारच्यांनी विचारावं, काय हो, काय पडलं?

दुकानदार प्रामाणिक होता. "ताई, धाकट्याचं झाकण वाजतं. म्हणून स्वस्तात देतोय," म्हणाला.

समोर आत्या उभी होती. हॉस्पिटलात नवीनच नर्स लागलेली, पहिला पगार मुठीत. ती म्हणाली, "वाजू दे की. घरात एक तरी खरं बोलणारं हवं."

मित्रांनो, त्या दिवशी माझी छाती जी फुगली, ती बहुतेक म्हणूनच गोल आहे.

मग आमचा सुखाचा काळ. थोरल्यात तांदूळ, त्याच्या पाठच्यात पीठ, मग डाळ, मग साखर आणि माझ्यात बिस्किटं. आत्याचा भाचा, ज्याला सगळी इमारत दादा म्हणते, तिच्याच घरी वाढला. बिस्किटं चोरायला यायचा आणि दर वेळी पकडला जायचा. मी टण्ण वाजलो की बाहेरच्या खोलीतून आत्या ओरडायची, "हात धुतलेस का रे चोरा?" मग त्याने शोध लावला: माझ्यावर उशी दाबायची आणि उशीच्या आत झाकण उघडायचं. ही उशी लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

दादा मोठा झाला, लिफ्ट दुरुस्त करायला लागला. त्याचं लग्न झालं, वहिनी आली. वहिनी दातांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळते, आणि येताना स्वतःच्या कमाईची स्कूटर घेऊन आली. निळी. रोज सकाळी ती स्कूटर पुसते, आणि पुसताना तिच्याशी बोलते. मी ऐकलंय, खिडकी तिथेच आहे.

आणि मग घरात नवं स्वयंपाकघर आलं. अहाहा! सरकणारे खण, काचेच्या बरण्या, भिंतीत दिवे आणि एक काळा, चकचकीत ओव्हन, एवढा मोठा की त्यात मी, माझे चारही भाऊ आणि वर कुणाचा तरी पाहुणा बसला असता. बँकेतून कर्ज काढून आलं सगळं. कर्ज पुरेना तेव्हा बाकीचं कार्डावर आलं. आम्ही बरण्यांशेजारी शोभेना, म्हणून माळ्यावर गेलो. एकाच्या पोटात एक, आणि माझ्या पोटात नुसता अंधार.

माळ्यावरून दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. आधी हसण्याचे आवाज यायचे. मग फोन वाजायला लागले आणि दादा ते गॅलरीत जाऊन घ्यायला लागला. मग एका रविवारी वहिनीचा आवाज आला, अगदी शांत. शांत आवाज आला की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

"अहो, आपण कार्डाचे पैसे दुसऱ्या कार्डाने भरतोय. म्हणजे भोकाला ठिगळ, आणि ठिगळालाही भोक."

"पगार वाढेल ना गं."

"पगार वाढेपर्यंत व्याज थांबेल का? ते काय तुमच्या लिफ्टसारखं आहे, बटण दाबलं की उभं?"

यावर आत्या म्हणाली, "रे दादा, माळ्यावरचे डबे काढ."

आत्याचं म्हणणं सरळ होतं. कार्ड सरकवलं की कुठे दुखत नाही, नोट मोजून द्यावी लागली की दुखतं. जिथे दुखतं तिथेच माणूस सांभाळतो. मग ठरलं: पगार झाला की पैसे रोख आणायचे आणि डब्यांत वाटून टाकायचे. ज्याचा खर्च त्याच्या डब्यातून. डबा संपला की खर्च संपला. दोन्ही कार्डं आत्याच्या उशीच्या अभ्र्यात गेली. "आता ती माझ्या मानेखाली. हिंमत असेल त्याने काढावीत," ती म्हणाली.

वहिनीने नेलपॉलिशने आमच्या पोटांवर लिहिलं. थोरला: किराणा. दुसरा: वीज. तिसरा: औषधं. चौथा: ये-जा. आणि मी? मित्रांनो, मी सगळ्यात छोटा, बिस्किटांचा, आणि माझ्यावर लाल अक्षरांत लिहिलं: हप्ता!

"एवढासा आहे तो," दादा म्हणाला.

"पण वाजतो," आत्या म्हणाली. "यातले पैसे काढायचे तर साऱ्या घराला कळणार."

आता खरी गोष्ट ऐका. बँकेचा हप्ता पगारातूनच कापला जात होता; माझ्यात जमायचे ते कार्डाचे पैसे, आणि खरा काटा तोच होता. त्याच बैठकीत वहिनीने शब्द दिला. "पुढचा पगार यायच्या आत कार्डाचं सगळं मिटलं नाही, तर स्कूटर विकायची. मी बोलले, झालं."

ही बातमी खाली औषधाच्या दुकानात कशी पोहोचली देव जाणे, पण तिथले मालक, ज्यांना सगळे गोळीकाका म्हणतात, दुसऱ्याच दिवसापासून स्कूटरच्या सीटवर थोपटायला लागले.

"काय वहिनी, ठरलं का? माझ्या पोराला निळा रंगच आवडतो."

"अजून महिना आहे काका."

"महिना काय हो, असा जातो! चाक बघून ठेवू का?"

"चाक बघा, हात नका लावू."

मग काय सांगू, घराने कंबर कसली. दादा घरून जेवणाचा डबा घेऊन कामावर जायला लागला. भाजी बाजार उठायच्या वेळी आणायची, तेव्हा तीच भाजी अर्ध्या किमतीत. केस कापायला दादा वहिनीसमोर बसला, आणि उठला तेव्हा एक कान उघडा, दुसरा झाकलेला.

"असं कसं कापलंस गं?"

"एका बाजूने बघितलं तर छान दिसतं."

"मग मी काय आयुष्यभर एका बाजूने चालू?"

आत्या इतकी हसली की चहा नाकातून आला. कर्ज होतं, पण घरात हसणं परत आलं होतं, आणि मी पुन्हा ओट्यावर होतो. मला वाटलं, जिंकलो आपण!

पण तिघांच्याही पोटात एकच होतं: वहिनीची स्कूटर जाता कामा नये. वहिनी बोलायची नाही, पण स्कूटर पुसायला तिला आता जास्त वेळ लागायचा. हिशोब केला की थोडेसे कमी पडत होते. फार नाही, थोडेसेच. आणि मित्रांनो, थोडेसे कमी पडले की शहाण्या माणसाचंही डोकं फिरतं.

एका सकाळी आत्याने मिक्सर लावला. मिक्सरमध्ये काहीच नव्हतं! घर्र घर्र आवाजात तिने औषधांच्या डब्यातून नोटा काढल्या, माझं झाकण उघडलं, आत टाकल्या, मिक्सर बंद. एवढी जन्मभर रोग्यांना "गोळी चुकवू नका" म्हणून दटावणारी बाई, स्वतःची रक्तदाबाची गोळी अर्धी करून घ्यायला लागली.

दोन दिवसांनी दादा आला. हातात उशी! बघा, म्हणालो होतो ना? विजेच्या डब्यातल्या नोटा त्याने उशीच्या आतून माझ्यात टाकल्या. मला म्हणाला, "ओरडू नकोस रे बाबा. बिल यायच्या आत जादा पाळी करून परत ठेवीन."

आणि वहिनी? तिने तर कुकरच्या शिट्टीची वाट बघितली. शिट्टी झाली, टण्ण झालं, किराण्याचे पैसे माझ्यात. शिट्टीच्या आवाजात मला कोण ऐकणार? जी बाई दवाखान्यात लोकांची बिलं पैशापैशाला जुळवते, तिने घरचे पैसे एका डब्यातून दुसऱ्यात ढकलले आणि स्वतःच्याच मनाला सांगितलं, पुढे बघू.

तिघंही चोर, आणि तिघंही साधू! प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच. माझं पोट टम्म फुगलं, आणि माझे भाऊ बाजूला पोकळ. रात्रंदिवस त्यांच्या शेजारी बसायचं म्हणजे काय, सांगू? विजेचा डबा नुसता वाऱ्याने सुद्धा खणखणायचा.

पगाराच्या आदल्या दिवशी दादाने सुट्टी घेतली. बँकेत जाऊन कार्डाचं एकदम मिटवायचं. तिघंही ओट्याशी जमली. प्रत्येकाच्या तोंडावर असं हसू, जसं वाढदिवसाची भेट मागे लपवलीय. आणि दारात विजेचं बिल येऊन पडलेलं, परवा शेवटची तारीख. कुणी उचललंसुद्धा नाही.

मी विचार केला. आज हे सगळं बँकेत गेलं, तर उद्या वीज कशाने भरणार? किराणा कशाने आणणार? आत्याची गोळी? हातात पगार येईल, पण तो तर पुढच्या महिन्याचा. मग आत्याची उशी उसवायची, कार्ड बाहेर, आणि पुन्हा तेच. भोकाला ठिगळ! पण दुसरी बाजूही होती ना. मी पैसे सोडले नाहीत, तर स्कूटर जाणार, वहिनीची, स्वतःच्या कमाईची.

दादाने झाकणाला हात घातला.

मी श्वास ओढला आणि झाकण धरलं. घट्ट.

"अहो, जोर लावा."

"लावतोय की!"

"आण इकडे," आत्या म्हणाली. "नर्सचे हात आहेत माझे." एका बाजूने आत्या, एका बाजूने दादा, मध्ये वहिनी. एक, दोन, आणि मी सटकलो! ओट्यावरून उडालो, ओव्हनवर आदळलो आणि टणाटण टणाटण करत त्याच्याच पायाशी येऊन पडलो. झाकण एकीकडे, मी एकीकडे, नोटा सगळीकडे.

वहिनी गोळा करायला वाकली आणि थबकली. "एवढे कसे?"

"एवढेच असणार," दादा घाईने म्हणाला.

"नाही. मी टाकले त्याच्याहून जास्त आहेत."

"तू टाकलेस? कुठून?"

"तुम्ही आधी सांगा!"

दोघं आत्याकडे वळली. आत्या छताकडे बघत होती. "मला काय बघता? मी मिक्सर लावला होता."

"रिकामा मिक्सर!" वहिनी किंचाळली. "मी म्हटलं, आत्यांना झालंय काय!"

मग तिने एकेक भाऊ उघडला. किराणा रिकामा. ते तिला ठाऊकच होतं. वीज रिकामी. औषधं रिकामी. तिसऱ्या डब्याशी ती थांबली. "आत्या, तुम्ही गोळ्या घेताय ना?"

"अर्धी घेतेय."

वहिनी खाली नोटांमध्येच बसली. तिने तिथल्या तिथे नोटा वेगळ्या केल्या, औषधांच्या औषधांत, विजेच्या विजेत, किराण्याच्या किराण्यात. एकही नोट चुकली नाही. माझ्यात जे माझं होतं तेवढंच राहिलं. थोडेसे कमी.

"द्या निरोप गोळीकाकांना," ती म्हणाली. "आत्यांच्या गोळीवर चालणारी स्कूटर मला नको."

निरोप कशाला? काका दारातच होते. आवाज ऐकून धावत आलेले, हातात टायर तपासायचं यंत्रही होतं! "ठरलं ना?" म्हणाले.

माझं झाकण शोधायला आत्याने ओव्हनचं दार ओढलं, कारण ते त्याच्या फटीत अडकलं होतं. दार उघडलं आणि आतून पिशव्यांचा ढीग कोसळला. एवढ्या महागाच्या ओव्हनमध्ये घराने काय भाजलं होतं? जुन्या पिशव्या ठेवल्या होत्या!

काका पुढे वाकले. "हा चालतो का हो?"

"चालत असेल," वहिनी म्हणाली. "आम्ही चालवला कुठे?"

"बायको कधीची मागे लागलीय."

आत्याने कमरेवर हात ठेवले. "मग ओव्हन न्या, स्कूटर राहू दे. उसनं घेऊन आणलेलं आधी जावं, कमावून आणलेलं मागाहून."

"पण पोराला निळा रंग..."

"ओव्हनला निळा रंग लावून घ्या!" दादा म्हणाला.

काकांनी घासाघीस केली, वहिनीने त्यांच्याहून जास्त केली. दवाखान्याचा काउंटर आहे तो, हसून पैसे काढतो. काकांनी रोख मोजून दिले, थोडेसे कमी होते ते भरून निघाले, आणि दुपारी तिघंही बँकेत गेली. कशावर बसून? स्कूटरवर दोघं, आणि आत्या रिक्षाने, कारण वहिनी म्हणाली, "स्कूटरवर तिघं बसलो की दंड होतो, आणि दंडाचा डबा आपल्याकडे नाही."

कार्डं आत्याने स्वतःच्या हाताने कात्रीने कापली. म्हणे, आयुष्यात एवढ्या पट्ट्या कापल्या, पण एवढं समाधान कुठल्याच पट्टीत नव्हतं.

बँकेचं कर्ज अजून आहे हं. फिटेल. दर रविवारी सकाळी आम्ही पाचही भाऊ टेबलावर येतो, झाकणं काढून, तिघांच्या समोर. कुणी कुणाच्या डब्यातून काही हलवायचं असेल तर मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. मिक्सर बंद ठेवायचा, हा नियम आत्यासाठी खास.

आणि मी? पडलो त्यात माझ्या कडेला पोचा आला आणि झाकणाचा वाकडेपणा बरोबर सरळ झाला. आता ते अलगद उघडतं, अजिबात वाजत नाही. कुणीही, केव्हाही, गुपचूप उघडू शकतं. कुणी उघडत नाही.

तेवढं एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात माळ्यावर माझ्यासारखे कुणी भाऊ पडले असतील, तर त्यांना खाली काढा. चकचकीत दिसणार नाहीत, पण पोटात ठेवलेलं सांभाळतील.

आता करा प्रश्न. नाही, थांबा, आधी मीच करतो. दादाचा हात झाकणावर होता, आत कुणाची स्कूटर होती आणि कुणाची गोळी. माझ्या जागी तुम्ही असता, तर झाकण सोडलं असतं की धरून ठेवलं असतं?